पक्षाघातग्रस्त रुग्णाचे स्थानांतरण

पक्षाघाताच्या झटक्यानंतर (स्ट्रोक) शरीराची एक बाजू दुर्बल किंवा लुळी झालेल्या रुग्णाला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत (व्हीलचेअर) व खुर्चीतून पुन्हा पलंगावर नेण्याच्या क्रियेला पुनर्वसनशास्त्रात स्थानांतरण असे म्हणतात. मेंदूच्या डाव्या भागास इजा झाली असता शरीराची उजवी बाजू आणि उजव्या भागास इजा झाली असता डावी बाजू बाधित होते. बहुतेक रुग्णांची दुसरी बाजू बऱ्यापैकी काम देत असल्याने त्यांना पूर्णपणे उचलण्याची गरज नसते. रुग्णाने स्वतःच्या निरोगी पायावर भार घ्यावा, वळावे आणि बसावे. मदतनिसाने तोल सांभाळावा व बाधित गुडघा मुडपू देऊ नये, अशी या क्रियेतील कामाची विभागणी आहे.

बाधित खांद्याची सुरक्षा

स्थानांतरणात रुग्णाला होणारी सर्वांत टाळण्याजोगी इजा खांद्याची असते. खांद्याच्या सांध्यात दंडाच्या हाडाचा मोठा गोल माथा एका उथळ खोबणीत बसलेला असतो आणि त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम मुख्यतः भोवतालचे स्नायू करतात. झटक्यानंतर हे स्नायू लुळे पडले की हाताच्याच वजनाने माथा खाली सरकतो आणि सांधा अंशतः निखळतो. अशा वेळी कोणी रुग्णाचा हात धरून ओढले, किंवा काखेत हात घालून त्याला वर उचलले, तर सांध्याभोवतीच्या ऊती ताणल्या जातात. त्यातून उद्भवणारी खांदेदुखी महिनोन्‌महिने टिकू शकते आणि हाताचे व्यायाम लांबणीवर पडतात. घरी मदत करणाऱ्या व्यक्तीचा हात मात्र सहजप्रवृत्तीने काखेकडेच जातो. म्हणून पकड कमरेशी किंवा नितंबांच्या वरच्या भागाशी घ्यावी. त्यासाठी रुंद, मजबूत कमरपट्टा मिळतो. लुंगीची गाठ, परकराची नाडी किंवा पायजम्याचा नेफा धरणे धोक्याचे असते.

रुग्णाने मदतनिसाच्या गळ्यात हात टाकणेही टाळले जाते. रुग्णाचा तोल गेला तर सर्व भार मदतनिसाच्या मानेवर येतो आणि दोघेही पडू शकतात.

पूर्वतयारी

खुर्ची सामान्यतः रुग्णाच्या निरोगी बाजूस, पलंगाशी सुमारे ३० ते ४५ अंशांचा कोन करून लावतात. दोन्ही ब्रेक लावावेत, पायटे बाजूला वळवावेत आणि शक्य असल्यास पलंगाकडील हाताचा दांडा काढावा. ब्रेक लावायचा राहिला किंवा पायट्यात पाऊल अडकले, तर बाकी सर्व नीट करूनही रुग्ण पडू शकतो. पलंगाची उंची खुर्चीच्या बैठकीइतकी किंवा किंचित अधिक असावी. ठेंगण्या दिवाणावरून उठणे निरोगी गुडघ्यांनाही जड जाते. तेथे दिवाणाच्या पायांखाली खाच असलेले लाकडी ठोकळे बसवून उंची वाढवता येते. लघवीची नळी व सलाइनची नळी आधीच मोकळी करून घ्यावी. पायांत न घसरणारी पादत्राणे असावीत. गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे चालत नाहीत.

झोपलेल्या रुग्णाला उठवून पलंगाच्या कडेवर बसवल्यावर काही मिनिटे थांबणे आवश्यक असते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० मिमी पाऱ्याने वा त्याहून अधिक उतरल्यास त्यास स्थितिजन्य अल्परक्तदाब म्हणतात. बरेच दिवस पडून राहिलेल्या रुग्णांत तो वारंवार आढळतो. चक्कर, घाम किंवा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास रुग्णाला पुन्हा आडवे करतात.

कृती

रुग्ण पलंगाच्या कडेकडे सरकून बसतो. तळवे जमिनीवर पूर्ण टेकलेले आणि टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे असाव्या लागतात. मदतनीस समोर, किंचित बाधित बाजूला उभा राहून आपल्या गुडघ्याने रुग्णाच्या बाधित गुडघ्यास पुढून आधार देतो. त्यानंतर रुग्ण धड पुढे झुकवतो. नाक पायाच्या बोटांच्या रेषेपर्यंत आले की शरीराचा भार नितंबांवरून पावलांवर येतो आणि उठणे हलके होते. धड ताठ ठेवून सरळ वर उठण्याचा प्रयत्न केला की सगळा भार मदतनिसाच्या पाठीवर पडतो. उभा राहिल्यावर रुग्ण निरोगी हाताने खुर्चीचा पलीकडचा दांडा धरतो, निरोगी पायावर लहान पावलांनी वळतो, पोटऱ्यांना खुर्चीचा स्पर्श झाल्यावर पुन्हा पुढे झुकतो आणि सावकाश बसतो.

उजवी बाजू लुळी झालेल्या अनेकांना बोलण्यात किंवा समजण्यात अडचण येते, कारण भाषेची केंद्रे बहुसंख्य लोकांत मेंदूच्या डाव्या भागात असतात. त्यांना लांबलचक सूचनांपेक्षा खुणा, एक-दोन शब्द व ‘एक, दोन, तीन’ अशी मोजणी अधिक उपयोगी पडते. डावी बाजू बाधित असलेले काही रुग्ण त्या बाजूकडे लक्षच देत नाहीत. त्यांचा डावा हात खुर्चीच्या चाकात किंवा मांडीखाली अडकलेला नाही ना, हे मदतनिसाने पाहावे लागते.

परतीचे स्थानांतरण व बाजूची निवड

खुर्चीतून पलंगावर परतताना निरोगी बाजू पुन्हा पुढे हवी असेल, तर खुर्ची उलट दिशेस तोंड करून लावावी लागते. म्हणजेच पलंगालगत दोन वेगवेगळ्या ठिकाणी खुर्चीपुरती मोकळी जागा असावी लागते. एका बाजूस भिंत आणि पायथ्याशी कपाट अशी मांडणी असलेल्या छोट्या खोलीत ती मिळत नाही. शौचालयात तर खुर्ची वळवणे बहुधा अशक्यच असते, त्यामुळे जाताना किंवा येताना एकदा तरी बाधित बाजूकडे वळावे लागते.

निरोगी बाजूकडे वळणे सोपे व अधिक सुरक्षित असल्याने घरी सुरुवात त्याच बाजूने करतात. तथापि, नेहमीच निरोगी बाजू वापरल्यास बाधित बाजू दुर्लक्षित राहते, असा आक्षेप बर्टा व कारेल बोबाथ यांनी लंडनमध्ये विकसित केलेल्या उपचारपद्धतीतून पुढे आला. बर्टा बोबाथ यांचे प्रौढांतील अर्धांगवायूवरील पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. शौचालयाची अडचण पाहता, दोन्ही बाजूंचे स्थानांतरण भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली शिकवणे व्यवहारतःही श्रेयस्कर ठरते.

काही रुग्ण निरोगी हातापायाने स्वतःला बाधित बाजूकडे ढकलतात आणि सरळ करू गेल्यास विरोध करतात. पॅट्रिशिया डेव्हिस यांनी १९८५ मध्ये याचे वर्णन केले. शरीर उभे व सरळ असल्याची जाणीवच येथे बिघडलेली असते, त्यामुळे रुग्णाशी जोर लावून उपयोग होत नाही. असे स्थानांतरण एकट्याने करू नये.

मदतनिसावरील भार व साधने

काळजी घेणारी व्यक्ती पुष्कळदा रुग्णाची वयस्क पत्नी किंवा सून असते आणि तिच्या कंबरदुखीची नोंद कोठेच होत नाही. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संस्थेचे संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये रुग्ण हाताने उचलण्यासाठी ३५ पौंड (सुमारे १६ किलो) ही कमाल मर्यादा सुचवली. तीही अनुकूल परिस्थितीत. रुग्ण दोन्ही पायांवर काहीच भार घेऊ शकत नसेल, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. बसून तोल सांभाळता येणाऱ्यांसाठी पलंग व खुर्ची यांवर टेकवलेली गुळगुळीत सरकफळी वापरतात. तेही जमत नसल्यास झोळीचे उचलयंत्र (होइस्ट) लागते.

प्रारंभाची वेळ

रुग्णाला लवकर उठवल्याने न्यूमोनिया व शय्याव्रण टळतात, असे दीर्घकाळ मानले गेले आहे. मात्र पाच देशांतील २,१०४ रुग्णांवर झालेल्या ‘ॲव्हर्ट’ चाचणीत (२०१५), पहिल्या २४ तासांतच सुरू केलेल्या वारंवार व अधिक हालचालीच्या गटाची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या शुश्रूषेच्या गटापेक्षा काहीशी कमी चांगली आढळली. त्यामुळे पहिल्या दिवशी दीर्घ व वारंवार हालचाल टाळली जाते, आणि पहिले स्थानांतरण केव्हा करावे हे रक्तदाब, शुद्ध व झटक्याची तीव्रता पाहून डॉक्टर ठरवतात.