घरचा कॉम्प्युटर आणि हातातली पाटी

टॅबवरून लांबचा कॉम्प्युटर चालवायचा म्हटलं की वाटतं, ही आयपॅडनंतरची, म्हणजे २०१० नंतरची गंमत. पण मंडळी, ही कल्पना आपल्या आजोबांच्या काळातली आहे. ११ सप्टेंबर १९४० ला बेल लॅब्जच्या जॉर्ज स्टिबिट्झने अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजात एक टेलिटाइप मांडला. आकडेमोड करणारं यंत्र न्यूयॉर्कमध्ये, मधे फक्त तार. इकडे गणित टाइप करायचं, तिकडून उत्तर छापून यायचं. नॉर्बर्ट वीनर आणि जॉन मॉक्ली (हेच पुढे एनिॲकवाले) यांनीही हात साफ करून घेतला. ते यंत्र टेलिफोन एक्स्चेंजमधल्या रिलेंवर चालायचं. म्हणजे इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर नीट जन्माला यायच्या आधीच तो लांबून चालवायची सोय तयार होती! :)

आपल्याकडे हा अनुभव घरोघरी आला तो मात्र कुणाच्या लक्षात न येता. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. चित्रंबित्रं दिसणारं टीसीपी/आयपी खातं फार महाग. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचं शेल अकाउंट होतं. मोडेम किंचाळायचा, मग काळ्या स्क्रीनवर अक्षरं. मेलसाठी पाइन, ब्राउझर म्हणून लिंक्स. आता नीट बघा, तुमच्या पीसीवर इंटरनेट नव्हतंच. ते होतं व्हीएसएनएलच्या युनिक्स मशीनवर, आणि तुमचा पीसी म्हणजे त्या मशीनचा लांबवर ठेवलेला कीबोर्ड आणि पडदा. माझा काका तेव्हा मुंबईत इंजिनिअरिंगला होता. एखादी फाइल हवी असली तर ती आधी त्या मशीनवर उतरवायची, मग झेडमोडेमने स्वतःच्या पीसीवर ओढायची. तो अजून सांगतो, "आम्ही इंटरनेट नाही पाहिलं, इंटरनेट पाहणारं मशीन पाहिलं."

पण यात मशीन कायम दुसऱ्याचं. स्वतःचंच टेबल लांबून उघडायचं, ही गोष्ट खरी आली केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी रिसर्च लॅबमधून. तिथे नव्वदच्या दशकात व्हिडिओटाइल नावाची एक वस्तू केली होती. एलसीडी पडदा, लिहायला पेन, आणि वेगवान एटीएम नेटवर्क (बँकेतलं एटीएम नव्हे). डोकं असं काही नाहीच, नुसता पडदा. थोडक्यात टॅबच की! पुढे तिचंच काम सॉफ्टवेअरने करायचं ठरलं, त्यातून व्हीएनसी आलं आणि १९९८ मध्ये ते फुकट वाटलं गेलं. करामत काय, तर काहीच नाही. लांबचा कॉम्प्युटर सांगतो, 'अमुक जागी हा एवढा चौकोन रंगव'. तुम्ही परत पाठवता, 'माऊस इथे आहे, हे बटण दाबलं'. बस. कुठल्या कंपनीचं ओएस, कुठलं सॉफ्टवेअर, याच्याशी देणंघेणं नाही. चौकोन रंगवता येणारं कुठलंही यंत्र चालतं. (त्या लॅबमधला क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर हा केंब्रिजच्या कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावणाऱ्यांपैकीसुद्धा एक. जागेवरून न उठण्याचा ध्यास म्हणतात तो हा!) २००२ मध्ये ती लॅब बंद पडली आणि तिथल्याच काही मंडळींनी रिअलव्हीएनसी काढली.

या साधेपणाचा मला रोज उपयोग होतो. आमचं घर बोर्डीला, मी पुण्यात. घरच्या जुन्या डेस्कटॉपवर चिकूच्या वाडीचा हिशेब आहे आणि बाबांनी टाइप केलेल्या आजोबांच्या आठवणीही. त्या आहेत युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात. टॅबवर फाइल आणली की नुसता चिन्हांचा कचरा. तिथल्या पडद्याचे चौकोन मागवले की मात्र अक्षर न् अक्षर वाचता येतं.

अडचणी वेगळ्याच. बोटाला उजवं बटण नसतं आणि एक्सेलचा रकाना बोटाच्या निम्मा, हे चालवून घेतो. लाइट गेले की परत आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं, एवढी बायोसमध्ये सोय केली. मोठी भानगड पत्त्याची. घरच्या कनेक्शनला आता बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो. सगळं गाव कंपनीच्या एकाच दारामागे. बाहेरून हाक मारून उपयोग नाही, घरच्या कॉम्प्युटरनेच आधी बाहेरच्या सर्व्हरला फोन लावून लाइन धरून ठेवायची. टीमव्ह्यूअरसारख्यांचा धंदा याच युक्तीवर उभा आहे.

आणि बाबा. कर्सर आपोआप हलायला लागला की त्यांच्या अंगावर काटा येतो. सुरुवातीला मी हसायचो. पण फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना नेमका याचाच इशारा दिला होता : चोर फोनवर गोड बोलून असंच ॲप टाकायला लावतात, ९ आकडी कोड विचारतात आणि खातं रिकामं करतात. स्टिबिट्झच्या यंत्रासमोर कुणी बसलेलं असण्याची गरज नव्हती. व्हीएसएनएलच्या मशीनला कोण कुठून आलं याची फिकीर नव्हती. इथे पलीकडच्या खुर्चीत माणूस आहे, आणि मशीन त्याचं आहे.

म्हणून कायमचा पासवर्ड मी काढून टाकला. आता आधी फोन करतो, "बाबा, येऊ का?" मग 'परवानगी द्या' हे बटण ते स्वतः दाबतात. ते वाडीत असले तर दुपारी जेवायला येईपर्यंत मी थांबतो.