औंध : सातारा-सांगलीतले विखुरलेले स्वराज्य

औंध संस्थान नकाशावर सलग दिसत नसे. ब्रिटिश सातारा जिल्ह्याच्या मुलुखात औंध, कुंडल आणि आटपाडी ही त्याची जणू बेटे. चौथा तुकडा, गुणदाळ, दूर विजापुराकडे. ७२ गावे आणि १९३१ च्या शिरगणतीनुसार सुमारे ७६ हजार माणसे, एवढाच प्रपंच. सार्वभौम सत्ता ब्रिटिशांची, अंतर्गत कारभार पंतप्रतिनिधींचा.

तो कारभारही भवानराव पंतप्रतिनिधींनी २१ जानेवारी १९३९ रोजी प्रजेच्या हाती दिला. राज्यघटनेला गांधीजींचे मार्गदर्शन होते. राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन तिच्यासाठी झटले. अधिकाराचा उगम दरबारात नव्हे, गावाने निवडलेल्या पंचायतीत; तेथून तालुका, तालुक्यातून विधिमंडळ. राजाने आपणहून राजेपण आटोपते घेतल्याची उदाहरणे विरळाच!

१९४२ नंतर या तुकड्यांना वेगळेच मोल आले. संस्थानी हद्दीत ब्रिटिश पोलिसांचा थेट अंमल नसे, त्यामुळे प्रतिसरकारच्या भूमिगतांना तेथे आसरा मिळे. नकाशातली गैरसोय चळवळीची सोय ठरली.

मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. आज औंध सातारा जिल्ह्यात, कुंडल व आटपाडी सांगलीत, तर गुणदाळ कर्नाटकात आहे.