कार्डपुराण

बी.कॉम. झालेल्या माणसाने इतिहासावर लिहू नये, असा आमच्या घरात दंडक आहे. तो घालून देणारी व्यक्ती एम.ए. (इतिहास) असून स्वयंपाकघराची सत्ताही तिच्याकडेच असल्यामुळे मी तो आजवर निमूटपणे पाळला. पण वाशीम जिल्ह्यातल्या एका बँकेच्या काउंटरवर बसून मी आयुष्यात जी काही प्लास्टिकची कार्डे वाटली, त्यांच्या जोरावर एका विषयात तरी मला अधिकार सांगता येईल. तो म्हणजे कार्डावर नाव कसे उमटते आणि मुख्य म्हणजे कसे उमटत नाही.

साहेबलोक समजतात की हा इतिहास १९५० साली न्यूयॉर्कला सुरू झाला. वाशीमकराला हे मान्य होणे शक्य नाही. आमचे वाशीम म्हणजे पूर्वीचे वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी काही ब्राह्मणांना एक गाव दान दिले आणि तसे तांब्याच्या पत्र्यांवर कोरून दिले. ते पत्रे १९३९ साली वाशीममध्येच सापडले. राजाची वंशावळ संस्कृतात आणि प्रत्यक्ष दानाचा मजकूर प्राकृतात. म्हणजे वरचा छापील रुबाब एका भाषेत आणि 'येथे अंगठा लावा' दुसऱ्या भाषेत, ही आमच्या बँकेची पद्धत किती जुनी आहे पाहा! दान घेणाऱ्यांची नावे गोत्रासकट दिलेली आहेत. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, ठिकाण, तारीख. कार्डाला आणखी काय लागते? फरक एवढाच, की असली दाने चंद्रसूर्य असेपर्यंत चालायची. आमचे कार्ड पाच-सात वर्षांत संपते.

मधली सोळा शतके मी सोडून देतो. (सौभाग्यवतींनी इथे एक सुस्कारा टाकला आहे.)

तर १९५० साली न्यूयॉर्कला 'डायनर्स क्लब'ने हॉटेलात उधार जेवण्यासाठी कार्ड काढले. ते चक्क पुठ्ठ्याचे होते. 'अमेरिकन एक्सप्रेस'ने १९५९ साली प्लास्टिकचे काढले. प्लास्टिकची खुबी अशी की त्याच्यावर नाव नुसते छापावे लागत नाही. दोन साच्यांच्या मधे दाबले की अक्षर टरारून वर येते. दुकानदार ते कार्ड एका चपट्या यंत्रात ठेवी, वर कार्बनची पावती ठेवी आणि 'खटॅक्-खटॅक्' असा दांडा फिरवी, की गिऱ्हाइकाचे नाव आणि नंबर पावतीवर हजर. भारतात हा थाट सेंट्रल बँकेच्या 'सेंट्रलकार्ड'ने १९८० साली आणला. वाशीममध्ये तेव्हा उधारीला कार्ड लागत नसे. दुकानदाराने तुमच्या आजोबांना ओळखले की पुरे.

१९६० नंतर आय.बी.एम.च्या फॉरेस्ट पॅरी नावाच्या इंजिनिअरला कार्डावर चुंबकीय पट्टी काही केल्या चिकटवता येईना. घरी बायको इस्त्री करत होती. ती म्हणाली, आण इकडे. आणि इस्त्रीने चिकटवून दिली. जगातल्या बँकांचा कारभार असा एका बाईच्या इस्त्रीवर उभा आहे. माझ्या घरी याच इस्त्रीने माझे दोन शर्ट गेले, पण तो दोष इस्त्रीचा नव्हे, माझा.

या पट्टीत नावासाठी जास्तीत जास्त २६ खण. मोकळी जागा धरून! ज्याने हे ठरवले त्याने वऱ्हाड पाहिला नसावा. समजा, एखाद्याचे नाव ज्ञानेश्वर विठ्ठलराव देशमुख आहे. इंग्रजीत याचे ३१ खण होतात. २६ व्या खणाला कात्री लावली की देशमुखांचे 'देस' उरतात आणि वतन जागच्या जागी खालसा होते. शिवाय 'ज्ञ' लिहायचा कसा, यावर गिऱ्हाईक, मी आणि मुंबईचा संगणक यांची तीन मते. फॉर्मवरचे नाव मी टंकणार, ते यादीतून दूर शहरात जाणार, तिथे यंत्र एका दमात पट्टी भरणार, अक्षरे उठवणार, कार्ड पत्त्याच्या कागदावर डकवणार, मग पाकीट, मग टपाल. एक अक्षर चुकले की सगळी वारी पुन्हा पहिल्यापासून.

मग सुधारणा झाली. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना आली आणि पहिल्याच दिवशी देशभर दीड कोटी खाती निघाली. एवढ्यांची नावे उठवत बसले तर चंद्रसूर्यसुद्धा कंटाळतील. तेव्हा आमच्या साहेबलोकांनी शोधून काढले, की या कामात घोळ घालणारी वस्तू एकच आहे आणि ती म्हणजे नाव. ते काढून टाकले की काम झटपट! आमच्या शाखेत बिननावाच्या कार्डांचे गठ्ठे आले. पाकीट उचला, नंबर खात्याला जोडा, हातात द्या. दोन मिनिटे. मी तर खूश होतो.

त्या खुशीच्या दिवसांतच दोन म्हाताऱ्या जावा आल्या. दोघी एका घरात, दोघींची कार्डे एका डब्यात. थोरलीने धाकटीचे कार्ड घेऊन आपला पिन दाबला. तीनदा. धाकटीने थोरलीचे घेतले. तेही तीनदा. दोन्ही कार्डे बंद. थोरलीचा निराधार योजनेचा पगार त्याच खात्यात, आणि बँकेत यायला रोजी बुडवून, एस.टी.चे तिकीट काढून आलेल्या.

"काहो सायेब, याच्यावर माह्यं नाव कुठी हाय?"

"आजी, नाव नसते यावर. नंबर असतो."

"नंबर मले वाचता येत नाई."

"पण आजी, नाव तरी कुठे वाचता येते?"

"मले नाई येत. पण नातवाले येते ना! नाव असतं तं त्यानं सांगतलं असतं."

यावर बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात उत्तर नाही. मी कार्डावर मार्करने नाव लिहून दिले. महिनाभरात पदराने पुसले गेले. मग मी ऑफिसच्या प्रिंटरवर मराठीत नावांची लेबले छापली आणि आल्या-गेल्याच्या कार्डावर डकवू लागलो. पंचक्रोशीत माझे नाव झाले. पण कार्डाची जाडी असते ०.७६ मिलिमीटर, आणि एटीएमची फट तेवढ्याच हिशेबाने केलेली. तिसऱ्या दिवशी माझे एक लेबल आत अडकले आणि मशीन गिऱ्हाइकाच्या कार्डासकट गप्प झाले. 'कार्डावर काहीही चिकटवू नये' असा लेखी हुकूम निघाला. त्यावर मात्र माझे नाव पूर्ण आणि बिनचूक छापलेले होते.

स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याचा धंदा या काळात जोरात होता. प्रिंटरच्या ट्रेमध्ये दोन पांढरी कार्डे घालून तो आधार प्लास्टिकवर छापून देई. २०१८ साली आधारवाल्यांनी सांगितले, की असली कार्डे काढू नका, गरज नाही. २०२० साली तेच स्वतः ५० रुपयांत प्लास्टिकचे कार्ड देऊ लागले. झेरॉक्सवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरणार नाही. जसे काही पत्रक मीच काढले होते!

शेवटी मार्ग त्यानेच सुचवला. लेबल कार्डावर नको, कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटावर लावा. कार्ड काढले की मशीनला नावाचा त्रास नाही. आत घातले की नातवाला वाचता येते. मी शंभर पाकिटे आणली, एका कागदावर बारा लेबले बसवली आणि त्या दोघी पुढच्या वेळी आल्या तेव्हा थोरलीला तिचे पाकीट दिले.

तिने ते उलटसुलट पाहिले. "वाच बरं."

मी नाव वाचले. नवऱ्याच्या नावासकट. तिने आडनावापर्यंत नीट ऐकून घेतले, कमरेच्या पिशवीत ठेवले आणि धाकटीकडे पाहत हळूच म्हणाली,

"हिचंबी लाव सायेब. पण जरा बारीक अक्षरात."