महोगनी ऑब्सिडियन म्हणजे काय? फोनने ओळखता येतं का?

शॉपिंग ॲपवर 'महोगनी ऑब्सिडियन' नावाची तांबूस-तपकिरी पेंडंट हल्ली बरीच दिसतात. खाली 'नॅचरल क्रिस्टल' असं लिहिलेलं असतं. यातला क्रिस्टल हा शब्द साफ चुकीचा आहे. ही काच आहे, ज्वालामुखीने बनवलेली.

सिलिका साधारण ७० टक्के किंवा त्याहून जास्त असलेला लाव्हा फार चिकट असतो. तो झटपट थंड झाला की अणूंना ओळीत बसायला वेळच मिळत नाही. स्फटिक न बनता सगळं तसंच गोठतं. साधं ऑब्सिडियन काळं दिसतं. काही भागात लोहाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन हेमॅटाइटचे बारीक कण तयार होतात आणि तिथे गंजासारखा तांबूस रंग येतो. लाव्हा वाहताना हे भाग ताणले जातात, म्हणून काळ्यात तपकिरी पट्टे नाहीतर ठिपके. नाव महोगनी लाकडावरून पडलं. अमेरिकेत ऑरेगॉनमधलं ग्लास ब्यूट्स यासाठी प्रसिद्ध आहे. मेक्सिकोतही हा दगड मिळतो.

मग आपल्या सह्याद्रीत का नाही? लाव्हा तर इथे भरपूर होता! पण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा तो लाव्हा मुख्यतः बेसॉल्टचा: सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास, पातळ, स्फटिक सहज बनणारा. शिवाय नैसर्गिक काच टिकाऊ नसते. लाखो-कोट्यवधी वर्षांत तिचेही हळूहळू स्फटिक होतात.

तुमच्या फोनची स्क्रीनही सिलिकाचीच काच. तिला वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवतात, त्यामुळे पृष्ठभागातल्या सोडियमच्या जागी मोठे पोटॅशियम आयन घुसतात आणि वरचा थर घट्ट दाबला जातो. ऑब्सिडियनला हे कवच नाही. ते शिंपल्यासारखं वक्र फुटतं, कडा भयंकर धारदार. मेक्सिकोत ॲझ्टेक लोक लाकडी शस्त्राला हीच पाती बसवायचे. कोरीवकाम करून बघणार असाल तर गॉगल हवाच.

आता खरेदीचं. तुकड्यात तांब्यासारखी चमचम दिसली तर तो बहुधा गोल्डस्टोन, म्हणजे कारखान्यातली काच. मॅक्रो लेन्सखाली भरपूर गोल बुडबुडे दिसले तरी शंका घ्या. टॉर्च लावून पातळ कडेतून थोडा प्रकाश आरपार येतो का बघा. लाल जॅस्पर बहुतेक वेळा अपारदर्शक असतो आणि काचेवर ओरखडा काढतो. ऑब्सिडियनची कठीणता ५ ते ५.५, म्हणजे जवळपास काचेइतकीच. (फोनच्या स्क्रीनवर घासून बघू नका, प्लीज.)

एवढं करूनही घरी खात्री होत नाही. पक्कं उत्तर एक्स-रे फ्लुओरेसन्सने मिळतं. प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेत रुबिडियम, झिर्कोनियमसारख्या मूलद्रव्यांचं प्रमाण वेगळं असतं, जणू फिंगरप्रिंट. इंग्लंडची राणी एलिझाबेथ पहिली हिच्या दरबारातल्या जॉन डी याच्याशी जोडला गेलेला काळा ऑब्सिडियन आरसा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच पद्धतीने त्याची काच मेक्सिकोतल्या पाचुकाची असल्याचं कळलं. आरशाला ओरखडाही न काढता.

पेंडंट घेतलंच असेल तर क्वार्ट्‌झच्या ब्रेसलेटसोबत एका डबीत ठेवू नका. क्वार्ट्‌झची कठीणता ७ आहे, ओरखडे ऑब्सिडियनवरच पडतील.