एलिचपूर कोणी केले?

अमरावतीहून चिखलदऱ्याला जाणारे प्रवासी परतवाड्यात चहा घेतात आणि घाटाला लागतात. परतवाडा ही मुळात छावणीची वस्ती. तिला लागूनच अचलपूर आहे, एकेकाळची वऱ्हाडची राजधानी. तिकडे गाडी क्वचितच वळते. वळलीच, तर जुनी माणसे ईल राजाची कथा सांगतात: या जैन राजाने इ.स. १०५८ मध्ये गाव वसवले, म्हणून ते एलिचपूर. सुशिक्षितांची समजूत वेगळी. त्यांच्या मते मूळ नाव अचलपूर. साहेबाला ते उच्चारता आले नाही म्हणून त्याचे एलिचपूर झाले.

दोन्ही समजुती टिकत नाहीत. बैतूल जिल्ह्यातील तिवरखेडला मिळालेला राष्ट्रकूट नन्नराजाचा ताम्रपट अचलपुराहून दिलेला आहे. त्यावरचा काळ शके ५५३, म्हणजे इ.स. ६३१. ईल राजाच्या चारशे वर्षे आधी गाव याच नावाने नांदत होते. आणि साहेबाचे म्हणाल, तर बाराव्या शतकात गुजरातेत प्राकृताचे व्याकरण लिहिणाऱ्या हेमचंद्राने या एका गावासाठी स्वतंत्र सूत्र खर्ची घातले आहे. ‘अचलपूर’ या शब्दात च आणि ल यांची अदलाबदल होते, असे तो सांगतो. म्हणजे अलचपूर. सूत्रकार अर्धी मात्रा वाचली तरी आनंद मानणारे लोक. त्यांनी एवढी जागा दिली, त्या अर्थी हा उच्चार दूरवर ठाऊक असला पाहिजे. आपणही ‘नुकसान’चे ‘नुसकान’ करतोच की! महानुभाव ग्रंथांत हेच गाव अळजपूर होऊन येते. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तो याच गावावरून, आणि फारसी तवारिखांत त्याचे एलिचपूर झालेले दिसते. इंग्रजांनी फक्त तयार नाव उचलले. ज्याला आपण अपभ्रंश म्हणून खोडून टाकले, ते या मातीतल्या जिभेचे किमान नऊशे वर्षांचे काम आहे.

गावात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. १४९० मध्ये बहामनी राज्यातून फुटून फतहुल्ला इमादुल्मुल्काने येथे इमादशाही उभारली. फिरिश्ता सांगतो की तो मूळचा विजयनगरकडचा ब्राह्मण, लहानपणी कैद होऊन आलेला. बिच्छन नदीकाठी दुल्हा रहमान गाझींचा दर्गा आहे, नबाबी काळातल्या तटाचे दरवाजे आहेत. माझ्या मते सगळ्यांत आधी पाहावा तो हौज कटोरा. गावाबाहेर गोल तलावाच्या मधोमध उभा असलेला हा अष्टकोनी मनोरा. आज तीन मजले उभे आहेत. वरचे दोन नबाबाने आपल्या वाड्यासाठी उतरवले असे सांगतात.

मग राजधानीचे आडगाव कसे झाले? १८६० च्या दशकात नागपूरकडे गेलेला रेल्वेमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून गेला. कापसाचा व्यापार रुळांच्या मागे गेला. १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हा मोडून अमरावतीत घातला गेला. आणि त्यानंतर, १९१३ मध्ये, मूर्तिजापूरहून ७६ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी इथवर आली. पुढे लोकांनी तिला शकुंतला म्हटले. तीही आता बंद आहे. कागदोपत्री नाव अचलपूर. म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून इलिचपूरच.