मागे वळलेल्या पंखांचा हिशेब

१९३१ सालची गोष्ट. ब्रिटिश हवाई दलाला शिकाऊ वैमानिकांसाठी विमान हवे होते. परंतु द हॅविलंड कंपनीच्या जिप्सी मॉथ या द्विपंखी विमानात एक मोठी अडचण होती. पुढच्या आसनाच्या डोक्यावर वरचा पंख आणि भोवती त्याचे खांब. प्रसंग ओढवलाच, तर हवाई छत्रीसह तेथून बाहेर पडणे कठीण. म्हणून पंखाचा मधला भाग पुढे सरकविण्यात आला. वाट मोकळी झाली खरी, पण पंखाबरोबर त्याची उचलही पुढे गेली आणि वजन मात्र जागच्या जागी राहिले. हा बिघडलेला तोल सावरण्यासाठी पंखांची टोके मागे वळविण्यात आली. तेच टायगर मॉथ. पुढे भारतातील फ्लाइंग क्लबांतही अनेक तरुण याच विमानावर उडावयास शिकले.

हीच युक्ती पुढे घरी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींच्या हाती आली. अमेरिकेत कर्टिस पिट्स यांनी १९४०च्या दशकात एक चिमुकले कसरती विमान रचले. बेटी स्केल्टन या वैमानिक स्त्रीने गाजविलेल्या त्याच्या एका प्रतीचे रिकामे वजन अवघे २४७ किलो! डेन्व्हरचे शाळामास्तर लामार स्टीन यांनी तर शाळेचा उपक्रम म्हणून ‘स्कायबोल्ट’ बांधले. ते १९७० साली उडाले. दोहोंचाही वरचा पंख मागे वळलेला आहे.

घरच्या कारागिराला खरा घोर असतो तो तराजूचा. विमान उड्डाणाच्या पातळीत धरून तिन्ही चाकांखाली काटे ठेवतात. प्रत्येक वजनास ठराविक खुणेपासूनच्या अंतराने गुणून बेरीज करतात, आणि तिला एकूण वजनाने भागले की गुरुत्वमध्य सापडतो. सरळ पंखात त्याची सीमा पुढच्या कडेपासून सहज मोजता येते. मागे वळलेल्या पंखाला अशी एकच कड कोठली? मुळाशी ती पुढे, टोकाशी मागे. टोकाकडून मोजणाऱ्याची सीमा फसवेपणाने मागे सरकते, आणि जिवाचा धोका तेथेच आहे. कारण गुरुत्वमध्य फार मागे गेलेले विमान गिरकीत सापडले की सुटता सुटत नाही.

शेपटीकडील भार तर विशेष खट्याळ. तोलबिंदूच्या ३ मीटर मागे १ किलो वाढला, तर १ मीटर पुढे ३ किलो ठेवावे लागतात. म्हणूनच जाणता कारागीर शेपटीवर रंगाचा जादा हात देताना कचरतो, आणि रंग वाळल्यावर तिन्ही काटे पुन्हा बाहेर काढतो.