कौलावरचा आकडा

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात संगमेश्वरजवळच्या आमच्या घराची कौलं उतरवत होतो. बाबांना स्लॅब हवा होता, काकांना कौलंच हवी होती, आणि मी खाली उभा राहून हातोहात येणारी कौलं रचत होतो. एकाच्या पाठीवर इंग्रजी अक्षरं दिसली : बासेल मिशन, मंगलोर, १८६५. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, 'आपलं घर दीडशे वर्षांचं!' काकांना जोर चढला. दीडशे वर्षांचं छप्पर कोण मोडतं?

रात्री वाचत बसलो तेव्हा कळलं, की १८६५ हे कौलाचं नाही, कारखान्याचं साल. बासेल मिशनचे जर्मन-स्विस मिशनरी मंगळुरात १८३४ मध्ये आले. धर्म बदललेल्यांची जात सुटली की धंदाही सुटायचा, म्हणून मिशनने विणकाम आणि कौलांचे कारखाने काढले. नेत्रावतीच्या काठची चिकणमाती होतीच. गिओर्ग प्लेब्स्टने तिथे जे कौल बनवलं, त्याचा मूळ नमुना फ्रान्समधल्या जिलार्डोनी बंधूंचा.

त्याआधी आपल्याकडे कुंभाराची नळ्याची कौलं असत. एकावर एक नुसती ठेवलेली. वारा, मांजर, वानर, कुणीही हलवावीत. म्हणून दर उन्हाळ्यात घर शाकारायचं. मंगलोरी कौलाला मागे आकडा असतो, तो रिपेला अडकतो. कडेची खाच शेजारच्या कौलात बसते. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हे फार आवडतं : प्रत्येक तुकडा सुटा, एक फुटला तर तेवढाच बदला. शिवाय फटींतून चुलीचा धूर जातो. समुद्रमार्गे ही कौलं मुंबईपर्यंत आणि पार आफ्रिकेपर्यंत गेली.

सोलापूर-मराठवाड्यात मात्र माळवद : तुळयांवर फळ्या, वर मातीचा जाड थर. तिथे पाऊस कमी, त्यामुळे चालून जातं. कोकणात ते एका पावसाळ्यात खाली आलं असतं. आता आम्ही कोकणात सपाट स्लॅब टाकतो, तो गळतो, मग त्यावर उतरत्या पत्र्याची शेड घालतो. म्हणजे एका घराला दोन छपरं!

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. त्यामुळे मिशनचा शिक्का असलेलं आमचं कौल बहुधा त्याआधीचं. शंभरी पार, पण दीडशे खात्रीने म्हणता येत नाही.

हे ग्रुपवर लिहायचं की नाही, यात दोन दिवस गेले. काका हरले असते. शेवटी लिहिलं. बाबांचं उत्तर आलं, "शंभर वर्षं गळलं नाही?"

"फुटलेली बदलत आलोय," काकांनी लिहिलं.

पुढचा उतार कौलांचाच राहिला. वासे मात्र वाळवीने खाल्ले होते, ते सगळे नवे घातले. मागच्या पडवीवर पत्रा आला. पाऊस पडला की तिथे फोनवर बोलता येत नाही.